नऊ सेकंदांची जोडी आणि साडेदहा सेकंदांची जोडी

धान कापून झाले, चुरणे झाले, कोठ्या भरल्या, की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत मंडई, नाटक आणि शंकरपट यांचे दिवस येतात. दिवसा पट आणि रात्री नाटक हा आपल्याकडचा जुना रिवाज. पाहुणे येतात, लेकीबाळी माहेरी येतात आणि घरोघरी एकच चर्चा सुरू होते. कोणाची जोडी किती सेकंदांत सुटली?

अशीच चर्चा गेल्या हिवाळ्यात माझ्या भावाच्या घरी चालली होती. गाव सिंदेवाही तालुक्यातले. दादाकडे दोन एकर धानाची जमीन आहे, आणि बाकीचे दिवस तो दुसऱ्याच्या कामावर जातो. त्याच्या डोक्यात त्या वर्षी पटाची जोडी घ्यायचे वेड शिरले होते. लांबच्या एका गावचा माणूस जोडी विकायला तयार होता. किंमत अशी की वर्षाचे धान विकून आलेला सगळा पैसा गेला असता आणि वर उसनवारी करावी लागली असती.

"त्या जोडीनं नऊ सेकंदांत पट मारला जी!" दादा मला सांगत होता. "आपल्या गावची एक नंबरची जोडी साडेदहाची. दीड सेकंदाचा फरक म्हणजे का लहान आहे? पुढच्या साली सारी बक्षिसं आपल्याच घरात."

वहिनी चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "अन् बक्षीस नाई आलं तर? पोरीच्या होस्टेलची फी का बैलाले दाखवून देशीन?"

पोरगी म्हणजे माझी भाची. अकरावी सायन्सला शिकते. पुढे नर्सिंग करायचे, म्हणून बारावीनंतर तिला चंद्रपूरला राहायचे आहे. ती आतापर्यंत गप्प बसली होती. तिने बापाला एवढेच विचारले,

"बाबा, तो पट किती लांब होता?"

दादा हसला. "पट म्हणजे पट. त्याची लांबी कोन मोजते?"

वाचकहो, हा लेख त्या एका प्रश्नाचा आहे. प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरावर एका कष्टकरी घराचे वर्षभराचे धान अवलंबून होते.

सेकंद म्हणजे वेग नव्हे

आपण बोलताना सेकंदालाच वेग समजतो. नऊ सेकंदांची जोडी, दहा सेकंदांची जोडी, असे म्हणतो. परंतु सेकंद हा केवळ वेळ आहे. वेग काढायचा तर अंतर लागते. अंतराला वेळेने भागले की सेकंदाला किती मीटर ते कळते, आणि त्याला ३.६ ने गुणले की ताशी किती किलोमीटर ते कळते. हे गणित शाळेत सर्वांनी केलेले असते. पटाच्या मैदानावर मात्र ते कोणालाच आठवत नाही.

भाचीने त्या लांबच्या गावच्या नात्यातल्या मुलाला फोन केला आणि टेप घेऊन धावपट्टी मोजायला सांगितले. ती निघाली १०० मीटर. आपल्या गावची तिने स्वतः मोजली. ती निघाली १२० मीटर. म्हणजे एकाच नावाच्या दोन शर्यती, पण एक दुसरीपेक्षा वीस मीटर लांब.

आता हिशेब पाहा. विकाऊ जोडीने १०० मीटर ९.१ सेकंदांत कापले. म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर, ताशी साडेएकोणचाळीस किलोमीटर. आपल्या गावच्या जोडीने १२० मीटर १०.४ सेकंदांत कापले. म्हणजे सेकंदाला साडेअकरा मीटर, ताशी साडेएकेचाळीस किलोमीटर. जिला आपण दीड सेकंदाने मागे समजत होतो, ती जोडी सरासरी वेगात पुढे निघाली!

वहिनीला हे ऐकून बरे वाटले. परंतु भाची म्हणाली, "थांब आई, एवढ्यानंही सिद्ध होत नाही." आणि तिचे म्हणणे बरोबर होते. कसे, ते पाहू.

उभ्याने सुटणे आणि धावत सुटणे

बैल असो, माणूस असो की मोटार, उभ्या जागेवरून निघताना पहिले काही मीटर हळू जातात. वेग धरायला वेळ लागतो. धावपट्टी जितकी आखूड, तितका त्या हळू भागाचा वाटा मोठा आणि सरासरी वेग तितका कमी दिसतो. धावपट्टी लांब झाली की तोच तोटा जास्त मीटरवर पसरतो आणि सरासरी वाढते. म्हणून १२० मीटरवाल्या जोडीचा सरासरी वेग जास्त दिसला, तरी ती जोडी जास्त वेगवान आहे असे लगेच म्हणता येत नाही.

माणसांच्या शर्यतीत हे स्पष्ट दिसते, कारण तेथे सगळे मोजून लिहून ठेवलेले असते. ६० मीटरचा विक्रम अमेरिकेच्या ख्रिश्चन कोलमनचा आहे. २०१८ साली त्याने हे अंतर ६.३४ सेकंदांत कापले. त्याची सरासरी येते ताशी ३४ किलोमीटर. जमैकाच्या उसेन बोल्टने २००९ साली बर्लिनमध्ये १०० मीटर ९.५८ सेकंदांत कापले. त्याची सरासरी साडेसदतीस किलोमीटर. या दोन आकड्यांवरून कोलमन फार हळू धावतो असे म्हणणे चुकीचे ठरेल. त्याची शर्यतच वेग पूर्ण धरल्याबरोबर संपते.

त्याच वर्षी, म्हणजे २००९ च्या मे महिन्यात, बोल्ट इंग्लंडच्या मँचेस्टर शहरात रस्त्यावर घातलेल्या सरळ पट्टीवर १५० मीटर धावला. वेळ १४.३५ सेकंद. त्यातले शेवटचे १०० मीटर त्याने ८.७० सेकंदांत कापले. तोच माणूस आणि तेच पाय. उभ्याने सुटून १०० मीटरला ९.५८, आणि आधी पन्नास मीटर धावून मग मोजले तर ८.७०. जवळजवळ एक सेकंदाचा फरक केवळ सुटण्याच्या रीतीमुळे पडला!

आता आपल्या पटावर या. एखाद्या गावी जोडी रेषेवर उभी असते आणि झेंडी पडली की घड्याळ सुरू होते. दुसऱ्या गावी जोडी मागून पळत येते आणि तिचे पाय रेषेवर पडले की घड्याळ सुरू होते. दोन्हीकडे धावपट्टी १०० मीटरचीच असली, तरी या दोन वेळा शेजारी ठेवून तुलना करणे म्हणजे पायली आणि किलो एकाच तराजूत घालणे होय.

कंबळ्याची गोष्ट

असा घोटाळा खेड्यातच होतो असे नाही. २०२० च्या फेब्रुवारीत तो साऱ्या देशात झाला. कर्नाटकच्या किनारपट्टीवर कंबळा नावाची म्हशींची शर्यत असते. चिखल-पाण्याने भरलेल्या शेतातून रेड्यांची जोडी पळते आणि हाकणारा दोरी धरून मागे पायी धावतो. मंगळूरजवळच्या ऐकळा गावी श्रीनिवास गौडा या बांधकाम मजुराने १४२.५ मीटरचे अंतर १३.६२ सेकंदांत कापले. कोणीतरी त्रैराशिक मांडले, की १४२.५ मीटरला १३.६२, तर १०० मीटरला किती? उत्तर आले ९.५५. बोल्टच्या विक्रमापेक्षा कमी! वर्तमानपत्रे भरून गेली. तेव्हाचे केंद्रीय क्रीडामंत्री किरेन रिजिजू यांनी त्यांची चाचणी घेण्याची तयारी जाहीर केली. गौडा यांनी मात्र शांतपणे चाचणीला नकार दिला. आपले क्षेत्र वेगळे, त्या धावपट्टीचे वेगळे, असा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ होता.

त्रैराशिक कुठे चुकले? बोल्टच्या मँचेस्टरच्या धावेला तेच त्रैराशिक लावून पाहा. १५० मीटरला १४.३५, तर १०० मीटरला ९.५७. म्हणजे बोल्टनेच बोल्टचा विक्रम मोडला असे उत्तर येते! लांब अंतराची वेळ घेऊन तिचा सरळ हिस्सा काढला, की सुटतानाचा हळू भागही हिस्स्याने कमी होतो, आणि आखूड अंतराची वेळ खऱ्यापेक्षा कमी दिसते. शिवाय गौडा यांच्या हातातल्या दोरीला दोन रेड्यांची ओढ होती आणि पायाखाली चिखल होता. ओढीने मदत होते, चिखलाने अडथळा होतो, आणि दोन्हींची वजाबाकी कोणी केलेली नव्हती.

त्या मजुराची कामगिरी खोटी नव्हती. त्याच्या ताकदीबद्दल आदरच वाटतो. चुकली ती तुलना. तिने त्याचाही मान वाढला नाही आणि खेळाचाही नाही.

अंगठ्याचा वेग

पुढचा मुद्दा घड्याळाचा. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी पंच हातात स्टॉपवॉच घेऊन उभा असतो. झेंडी हलली, ती त्याला दिसली, मग त्याचा अंगठा दाबला गेला. माणसाचा डोळा आणि अंगठा यांच्यामध्ये सुमारे एक पंचमांश सेकंद, म्हणजे ०.२ सेकंद जातो. कोणाचा कमी, कोणाचा जास्त. शेवटची रेषा मात्र जोडी येताना दिसत असते, म्हणून तेथे अंगठा वेळेवर किंवा थोडा आधीच दाबला जातो. परिणामी हातच्या घड्याळात वेळ खऱ्यापेक्षा कमी येते. म्हणूनच धावण्याच्या शर्यतींच्या नोंदींत हातच्या घड्याळाची १०० मीटरची वेळ विजेच्या घड्याळाशी ताडून पाहायची असेल, तर तिच्यात ०.२४ सेकंद मिळवण्याची रीत आहे.

सेकंदाचा पाचवा भाग म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पण सेकंदाला बारा मीटर पळणारी जोडी ०.२ सेकंदांत २.४ मीटर पुढे जाते. म्हणजे जवळजवळ एका बैलाची लांबी! घड्याळाच्या काचेवर दोन आकडी शतांश दिसतात म्हणून ते खरे असतात असे नाही. पंचाचा अंगठा शतांश पाहू शकत नाही. दोन जोड्यांत ०.०५ सेकंदाचा फरक असेल आणि घड्याळ हाताचे असेल, तर प्रामाणिक पंचाने दोघींना सारखे म्हणावे.

दोन्ही रेषांवर प्रकाशाचा किरण टाकणारी यंत्रे बसवली, की किरण तुटताच घड्याळ आपोआप चालू आणि बंद होते. तेथे शतांशाला अर्थ असतो. म्हणून कोणी सेकंद सांगितले, की घड्याळ हाताचे होते की यंत्राचे, हेही विचारावे.

पट, घाट आणि चाकोरी

आपल्या महाराष्ट्रातच बैलांच्या शर्यतींच्या किती तऱ्हा आहेत पाहा. आपल्या विदर्भात शंकरपट. हलका छकडा, दोन बैल, वर धुरकरी आणि सरळ सपाट धावपट्टी. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट फार नावाजलेला. तेथे बायाही जोड्या हाकतात, हे आपल्या भगिनींनी मुद्दाम लक्षात ठेवावे. पुणे जिल्ह्यात बैलगाडा असतो. तेथे चार बैल चढाच्या वाटेवर पळतात. त्या वाटेला घाट म्हणतात आणि एका धावेला बारी. सातारा-सांगलीकडे मोकळ्या रानात चाकोऱ्या आखतात. चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकाची वाट. प्रत्येक गाडीने आपापल्या चाकोरीतून पळायचे. तेथे गटवार फेऱ्या, मग सेमी फायनल, मग फायनल. कोकणात समुद्राच्या ओल्या वाळूवरही गाड्या पळाल्या आहेत.

सपाट जमीन, चढ, माळरान, वाळू. जमीन बदलली की खूर किती रुततो आणि चाक किती फिरते ते बदलते. घाटातले सेकंद पटाला लावता येत नाहीत आणि पटातले वाळूला लावता येत नाहीत. इतके कशाला? एकाच पटाची जमीन सकाळी दवाने ओली असते, आणि दुपारी शंभर जोड्या धावून भुसभुशीत झालेली असते. सकाळच्या जोडीला जी जमीन मिळाली, ती चार वाजताच्या जोडीला मिळत नाही.

चाकोरीवरून एक गंमत सांगते. परदेशात एक खेळण्यातल्या मोटारींचा खेळ आहे, त्याला स्लॉट कार म्हणतात. लाकडी किंवा प्लास्टिकच्या वाटेत बारीक खाच असते. मोटारीच्या पोटाखालची जीभ त्या खाचेत बसते, खाचेच्या दोन्ही बाजूंच्या धातूच्या पट्ट्यांतून वीज मिळते, आणि खेळणारा हातातल्या दट्ट्याने वीज कमी-जास्त करतो. वळणावर वीज जास्त झाली की मोटार चाकोरी सोडून उडते! इंग्लंडमध्ये १९५७ साली स्केलेक्स्ट्रिक नावाने हा खेळ बाजारात आला आणि घराघरांत गेला.

खेळण्यातल्या मोटारी म्हणून हसू नका. त्यांची मोठी वाट १५५ फूट, म्हणजे सुमारे ४७ मीटर लांब असते. तिला आठ चाकोऱ्या असतात. सर्वांत वेगवान गटाच्या मोटारी ही फेरी दोन सेकंदांच्या आत पूर्ण करतात. म्हणजे ताशी ८५ किलोमीटरपेक्षा जास्त! मोटार असते खऱ्या मोटारीच्या चोविसाव्या हिश्शाची. म्हणून काही हौशी लोक ८५ ला २४ ने गुणतात आणि २,००० किलोमीटर वेग झाला असे सांगतात. हाही त्रैराशिकाचाच घोटाळा. मोटार लहान केली म्हणून हवा लहान होत नाही, की सेकंद लहान होत नाही.

पण त्या खेळातले लोक एका बाबतीत फार शहाणे आहेत. आठ चाकोऱ्या कितीही काळजीने केल्या तरी अगदी सारख्या होत नाहीत, हे त्यांनी मान्य केले आहे. आतली वळणे आवळ असतात, बाहेरची मोकळी. म्हणून मोठ्या स्पर्धेत प्रत्येक खेळाडूला आळीपाळीने प्रत्येक चाकोरीतून खेळावे लागते आणि सगळ्यांची बेरीज धरतात. चांगल्या चाकोरीचा फायदा सर्वांना मिळतो आणि वाईट चाकोरीचा तोटाही सर्वांनाच होतो. दुसरे असे, की एका वाटेवरची वेळ ते दुसऱ्या वाटेवरच्या वेळेशी लावत नाहीत. प्रत्येक वाटेचा विक्रम वेगळा आणि प्रत्येक गटाचाही वेगळा.

आपल्याकडे कित्येक गावांत दोन पट्ट्या शेजारी-शेजारी आखून दोन जोड्या एकदम सोडतात. ही रीत फार चांगली. घड्याळाचा वादच राहत नाही, कारण दोघींना एकच झेंडी असते. पण एक पट्टी कडक आणि दुसरी भुसभुशीत असेल, तर निकाल बैलांचा न लागता जमिनीचा लागतो. बाजू बदलून दुसरी धाव घेतली, तर हाही वाद मिटेल.

दात पाहून गट

जसे वाटेचे, तसेच गटाचे. सगळ्या बैलांना एकाच शर्यतीत घालणे म्हणजे चौथीच्या पोराला बारावीच्या पोराबरोबर पळवणे. पश्चिम महाराष्ट्रात यासाठी दातांवरून गट करतात. गुरांना पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, एकूण आठ. वासराचे दुधाचे दात पडून पक्के दात जोडी-जोडीने येतात. पक्का दात न आलेला तो आदत, दोन आलेले तो दुसा, चार आलेले तो चौसा. आठही आले की वाढ पुरी झाली. आदत गटात पहिला आलेला गोऱ्हा आणि खुल्या गटात पहिला आलेला पुरा बैल यांचे सेकंद शेजारी ठेवून उपयोग नाही. गोऱ्ह्याचे सेकंद जास्त असले तरी तो अजून वाढायचा आहे. जाणकार त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

जातींचाही फरक आहे. पश्चिमेकडचा खिल्लार उंच, लांब टांगांचा आणि पळण्यासाठी प्रसिद्ध. आपल्या भागातली नोंदणीकृत जात म्हणजे कठाणी. अंगाने लहान, पण धानाच्या चिखलात नांगर ओढायला पक्की. खिल्लार जोडीपेक्षा कठाणी जोडी दोन सेकंद मागे आली म्हणून ती हलकी ठरत नाही. जूनमध्ये बांधीत चिखल झाला की कोणती जोडी दिवसभर टिकते, तेही एक मोजमाप आहे. त्याला बक्षीस नसते, पण घर त्याच्यावर चालते.

छकड्याचे वजन, धुरकऱ्याचे वजन, चाकाला वंगण आहे की नाही, याही गोष्टी सेकंदांत उतरतात. चाळीस किलोचा पोरगा आणि सत्तर किलोचा गडी यांच्यात तीस किलोचा फरक आहे, आणि तो बैलालाच ओढायचा असतो.

कायदा आणि काठी

मधली काही वर्षे पट बंद होते, हे वाचकांना आठवत असेल. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ साली कायदा दुरुस्त केला, पण मुंबई उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे शर्यती सुरू होऊ शकल्या नाहीत. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. आता पट भरवायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी लागते आणि धाव एक हजार मीटरच्या आत असावी लागते. बैलाला वेदना देणे हा गुन्हा आहे. पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मोजमापाच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचे आहे. तुतारी टोचून, शेपूट पिरगाळून काढलेले सेकंद त्या बैलाचे नसतात, ते त्याच्या दुखण्याचे असतात. जुन्या काळातली अमुक जोडी इतक्या सेकंदांत गेली होती, असे म्हातारे सांगतात. असेलही. पण ती वेळ कशी काढली होती हे माहीत नसेल, तर आजच्या जोडीला तिच्याशी लावून कमी ठरवू नये.

पुढे काय झाले?

आता दादाच्या जोडीकडे वळू. भाचीने आणखी एक काम केले. आपल्या गावच्या पटाचे आदल्या वर्षीचे मोबाईलवरचे चित्रण तिने काढले. धावपट्टीच्या कडेला दर वीस मीटरवर खुंट होते. शेवटचे वीस मीटर जायला पहिल्या नंबरच्या जोडीला दीड सेकंद लागला होता. तिने वहीत लिहिले : विकाऊ जोडी १०० मीटरला ९.१. पुढचे वीस मीटर तीही साधारण याच वेगाने पळेल असे धरले, तर आणखी १.५. एकूण १०.६.

"बाबा, ती जोडी आपल्या गावी आली तर साडेदहाच्या आसपास राहील. जास्त नाही, कमी नाही," ती म्हणाली.

दादाला राग आला. "तू बैल पाहिला नाहीस अन् सेकंद सांगतेस?"

महिनाभराने आमच्या गावी रीतसर परवानगीने पट भरला. ती जोडी धावायला आली. देखणी जोडी, त्यात शंका नाही. झेंडी पडली, लोक ओरडले, आणि पंचाने वेळ वाचून दाखवली. दहा पूर्णांक सहा.

आपल्या गावची जोडी त्या दिवशीही १०.४ मध्येच आली. हातच्या घड्याळावर ०.२ सेकंदाचा फरक म्हणजे दोघी सारख्याच म्हणायच्या. दीड सेकंदाची जी पुढारी होती, ती वीस मीटरच्या धावपट्टीत विरघळून गेली. विकणाराही खोटे बोलला नव्हता. त्याच्या गावी जोडीने नऊ सेकंद काढले होते, हे खरेच होते. त्याने फक्त धावपट्टीची लांबी सांगितली नव्हती, आणि दादाने ती विचारली नव्हती.

दादा त्या रात्री नाटकालाही गेला नाही. दोन दिवस कोणाशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी धानाचे पैसे त्याने वहिनीच्या हातात दिले आणि म्हणाला, "ठेव. पोरीचं पाहून घेऊ आधी." पट पाहायला तो अजूनही जातो. आता मात्र त्याच्या खिशात टेप असते, आणि गावचे लोक त्याला थट्टेने पटवारी म्हणतात.

वाचक बंधू-भगिनींनो, पट पाहावा, आनंद घ्यावा. पण कोणी सेकंद सांगून पैसे मागू लागला, तर सहा प्रश्न विचारावेत. धावपट्टी किती मीटर? उभ्याने सुटली की धावत? घड्याळ हाताचे की यंत्राचे? जमीन कशी, सपाट की चढाची, कडक की भुसभुशीत? बैल किती दातांचे आणि कोणत्या गटात पळाले? आणि काठी चालली की नाही? सहांची उत्तरे मिळाली तर तुलना करावी. न मिळाल्यास ऐकून घ्यावे, चहा पाजावा आणि पैसे घरातच ठेवावेत.

आणि घरात शिकणारे लेकरू असेल, तर त्याला पटावर नेताना सोबत वही-पेन्सिल द्यावी. भागाकार शाळेत शिकलेला असतोच. तो कुठे वापरायचा, ते त्याला पटावर कळेल.